ग्रामसभेला खरी सत्ता द्यायची, की नुसतं विचारल्यासारखं करायचं?

मोहफूल:
मे महिन्यात गडचिरोलीच्या धानोरा तालुक्यातल्या एका गावी तेंदूच्या फळीवर, म्हणजे विडीची पानं विकत घेतात त्या केंद्रावर, दोन दिवस होतो. पहाटे जंगलात गेलेली माणसं ऊन तापायच्या आत परततात, मग अख्खं घर ओसरीत बसून पुडे बांधतं. सत्तर पानांचा एक पुडा. संध्याकाळी फळीवर मोजणी. पूर्वी ती कंत्राटदाराचा दिवाणजी करायचा. ‘पान बारीक आहे’ म्हणत पुडा बाजूला फेकला की फेकला, कुणी तोंड उघडायचं नाही. यंदा वही गावातल्याच बारावी झालेल्या मुलीच्या हातात होती. लिलाव ग्रामसभेनं केलेला, पैसे ग्रामसभेच्या खात्यात. तिनं चार पुडे ओले म्हणून परत दिले, तर एक म्हातारबाबा पंधरा मिनिटं तिच्याशी भांडले. मला ते भांडण फार आवडलं. दिवाणजीशी ते कधी भांडले नसते.

हे घडलं ते १९९६ चा पेसा, म्हणजे आदिवासी भागातल्या ग्रामसभांना अधिकार देणारा कायदा, आणि २००६ चा वनहक्क कायदा यांमुळे. पंचायतराजची ७३ वी घटनादुरुस्ती घटनेच्या पाचव्या अनुसूचीतल्या, म्हणजे आदिवासी म्हणून जाहीर झालेल्या भागाला आपोआप लागू नव्हती. भुरिया समितीच्या शिफारशींवरून पेसा आला, आणि आपल्या राज्याला त्याचे नियम करायला २०१४ उजाडलं. गडचिरोलीतल्याच मेंढा (लेखा) गावाला २००९ मध्ये सुमारे १८०० हेक्टर जंगलावर सामूहिक हक्क मिळाला, पण बांबूच्या वाहतूक परवान्यासाठी एप्रिल २०११ पर्यंत झगडावं लागलं. जंगल तुमचं, बांबू मात्र आम्हाला विचारल्याशिवाय हलवायचा नाही!

माझं म्हणणं असं, की खनिजाच्या बाबतीत आजही तेच चाललंय. पेसाप्रमाणे वाळू-मुरमासारख्या गौण खनिजाला ग्रामसभेची शिफारस लागते, पण भूसंपादनाला नुसती ‘सल्लामसलत’. लोखंडासारख्या मोठ्या खनिजाबद्दल तर पेसा बोलतच नाही. पानं विकताना गाव सरकार, आणि डोंगर खणायची वेळ आली की गावानं फक्त ऐकून घ्यायचं. तिथं संमतीच हवी. नाहीतर ‘मावा नाटे मावा राज’ (आमच्या गावात आमचं राज्य) ही गोंडी घोषणा भिंतीवर रंगवलेलीच राहील.

चामोर्शीकर:
दादा, तुम्ही दोन दिवस राहून गेलात, आम्ही पणजोबांपासून इथं आहोत. मी ओबीसी. आमची शेती दीड एकर, आमच्याही बायका तेंदूला जातात. २०१४ च्या राज्यपालांच्या अधिसूचनेनंतर पेसा गावांतली तलाठी, शिक्षक अशी पदं स्थानिक अनुसूचित जमातीलाच ठेवली गेली. माझा भाचा डी.एड. करून घरी बसलाय. त्याला काय सांगू? स्वशासन कुणाचं, हे आधी ठरवा. एकाच विहिरीवर पाणी भरणाऱ्या गावात तुम्ही दोन रांगा लावताय.

आणि तेंदूचं गोड चित्र रंगवताय म्हणून सांगतो. आमच्या शेजारच्या ग्रामसभेनं ज्याला माल दिला, त्यानं अर्धे पैसे देऊन तोंड काळं केलं. अनामत घेतली नव्हती, करारनामा धड नव्हता. लोक अजून बोनसची वाट बघतायत. वनविभागाकडे होतं तेव्हा निदान दाद मागायला एक दार होतं.

मोहफूल:
भाच्याचं दुःख खरं आहे, ते मी उडवून लावणार नाही. पण नोकरभरतीची अधिसूचना आणि ग्रामसभेचे अधिकार यांची गल्लत होतेय. गावच्या मतदारयादीत नाव असलेला प्रत्येक जण ग्रामसभेचा सदस्य आहे, तुम्हीसुद्धा. सरपंचपद जमातीसाठी राखीव आहे, बोलायचा हक्क नाही.

पैसे बुडाले ते वाईटच झालं. वनविभागाच्या काळात बुडालेलं कुणाच्या कानावरही येत नव्हतं, एवढाच फरक. करारनामा करायला गाव शिकेल.

अहेरीचा पोरगा:
शिकेपर्यंत कुणाचं घर चालणार? सूरजागडच्या लोखंडाच्या खाणीवर माझ्या वर्गातली सात-आठ पोरं कामाला आहेत. पूर्वी ती हैदराबादकडे मिरची तोडायला जायची. लोखंड साऱ्या देशाचं आहे. दोनशे मतदारांचं गाव ‘नाही’ म्हणालं म्हणून सारं थांबवायचं? मग रस्ता, वीज, धरण, काहीच होणार नाही. गावाला नुकसानभरपाई द्या, नोकरीत पहिला मान द्या, नफ्यात वाटा द्या. नकाराधिकार मात्र नको.

कायद्याचा विद्यार्थी:
असा नकार या देशात दिला गेलाय, आणि देश थांबला नाही. ओडिशातल्या नियमगिरीचा बॉक्साइट. सर्वोच्च न्यायालयानं १८ एप्रिल २०१३ ला सांगितलं, की डोंगरावरच्या लोकांच्या धार्मिक-सांस्कृतिक हक्कांचा प्रश्न आधी ग्रामसभांपुढे ठेवा. रायगडा आणि कालाहांडी जिल्ह्यांत बारा ग्रामसभा झाल्या, न्यायाधीश निरीक्षक म्हणून हजर होते. तिथल्या डोंगरिया कोंध आदिवासींनी आणि त्यांच्या शेजाऱ्यांनी बाराच्या बारा ठिकाणी नाही म्हटलं. त्यांचा देव नियमराजा तिथं राहतो, त्याचं घर खणू देणार नाही, एवढं साधं कारण. जानेवारी २०१४ मध्ये केंद्रानं खाण नाकारली.

घटना समितीत आदिवासी नेते जयपालसिंह मुंडा १९ डिसेंबर १९४६ लाच बोलले होते, की आदिवासींना तुम्ही लोकशाही शिकवू शकत नाही, त्यांच्याकडूनच तुम्हाला ती शिकावी लागेल. मोहफूल, तुमचं ‘गाव शिकेल’ मला त्यामुळेच खटकलं. मेंढ्यात निर्णय बहुमतानं होत नाही, सर्वसहमतीनं होतो. एक जण अडला तरी विषय पुढच्या सभेत. कोणत्या विधानसभेला हे जमतं?

जव्हारची:
तुम्ही सगळे मेंढ्याचं आणि नियमगिरीचं बोलताय. आमच्या पाड्यावरचं सांगते. ग्रामसभा म्हणजे एक जण वही घेऊन दारोदार फिरतो. बाई भात लावायला गेलेली असते, सासू अंगठा देते. महिलांची वेगळी सभा कागदावर दरवेळी होते, मी सहा वर्षांत एकदाही बसलेली नाही. पाच टक्के अबंध निधी, म्हणजे कशावर खर्चायचा ते गावानं ठरवायचा पैसा, येतो, त्यातून काय घेतलं हे पेव्हर ब्लॉक बसल्यावर कळतं. विहीर मागितली होती.

म्हणून मला अहेरीच्या भावाचं पटत नाही आणि मोहफूलदादांचंही पूर्ण पटत नाही. अशा वहीवर उद्या खाणीची संमतीही घेतील की! त्याच अंगठ्यांनी.

अहेरीचा पोरगा:
ताई, मी तेच म्हणतोय. सभाच खोटी असेल तर नकारही विकत घेता येतो आणि होकारही.

जव्हारची:
पण म्हणून सभेचा अधिकार काढून घ्या, असं मी म्हणत नाही भावा. अधिकार आहे म्हणून तर मी वही मागू शकते. आमच्या पाड्यानं स्वतंत्र गाव म्हणून जाहीर व्हायचा ठराव केलाय, पेसात तशी सोय आहे. मोठ्या गावच्या सभेला दोन तास चालत जावं लागतं, तिथं आमचा आवाज पोचत नाही. पाड्यावर चाळीस घरं. कोण आलं, कोण नाही, सगळं डोळ्यांना दिसतं. तिथं खोटा अंगठा कुणाचा लावणार?

चामोर्शीकर:
पाड्याचं पटलं. चाळीस घरांत माझ्यासारखी दोन घरं असली तरी त्यांचं तोंड दिसेल. पण भाच्याच्या प्रश्नाला अजून कुणी उत्तर दिलेलं नाही, आणि तो मी सोडणार नाही.