कोडमधले बदल जपून ठेवणाऱ्या गिटची ब्रँच म्हणजे नेमकं काय?

लातूरकर: ब्रँच म्हणजे फोल्डरची झेरॉक्स, असं धरून वर्षभर चाललो. काल मर्ज न करताच, म्हणजे मुख्य कामात न मिसळताच, एक उडवली. आठ दिवसांचं काम गेलं का?

परभणीकर: नाही हो राव. मोंढ्यातलं पोतं आठवा. कमिट, म्हणजे जतन केलेलं काम, हे पोतं; ब्रँच म्हणजे त्यावर टाचलेली चिठ्ठी. तुम्ही चिठ्ठी फाडली. पोतं गोदामात हाय की! चिठ्ठीवर फक्त ४० अक्षरांचा हॅश, म्हणजे पोत्याचा ओळख क्रमांक, असतो. ‘गिट रीफ्लॉग’ ही जुन्या नोंदी दाखवणारी कमांड मारा, हॅश शोधा, त्यावर नवी ब्रँच लावा.

नांदेडकर: लवकर करा पण. असल्या बेवारस नोंदी गिट साधारण ३० दिवसांनी झाडून काढतं. आणि कमिटच केलं नसेल, तर माल पोत्यात भरलाच नव्हता.

लातूरकर: सापडलं! सोयाबीनच्या भाषेत आधीच सांगायचं ना.