मदत हवी आहे: लीडरशिपचा चांगला कोर्स सुचवा (पुणे / चाकण), तातडीने

शिफ्टवाला_चाकण
नमस्कार. चाकणला ऑटो पार्ट्सच्या कंपनीत आहे. तीन महिन्यांपूर्वी सुपरवायझर झालो. माणसं ऐकत नाहीत. परवा मॅनेजरनी तोंडावर सांगितलं, "तुझं टेक्निकल उत्तम आहे, पण माणसं सांभाळता येत नाहीत. दिवाळीपर्यंत बघू." पुण्यात लीडरशिपचा चांगला कोर्स कुठे आहे? फक्त रविवारी जमेल. सर्टिफिकेट हवं. पुस्तकं सुचवू नका, वाचायला वेळ नाही. लवकर सांगा.

एमबीएवाला
कोर्स वगैरे सोडा, इग्नूमधून एमबीए करा. नोकरी सांभाळून होतं. मी केलं. डिग्री असली की माणसं आपोआप मान देतात.

शिफ्टवाला_चाकण
दोन वर्षं लागतील हो. मला दिवाळीपर्यंतच वेळ आहे.

कोथरूडची_श्रुती
टोस्टमास्टर्स क्लब लावा. १९२४ साली कॅलिफोर्नियात सुरू झालेली संस्था आहे, पुण्यात बरेच क्लब आहेत. पाहुणा म्हणून आधी एक मीटिंग बघून या. अचानक दिलेल्या विषयावर एक-दोन मिनिटं बोलायला लावतात. मी हिंजवडीत टीम लीड झाले तेव्हा मीटिंगमध्ये घसा कोरडा पडायचा. सहा महिन्यांत फरक पडला.

तेलकट_हात
श्रुतीताई, त्याला भाषण करायचं नाहीये, लायनीवर माणसं सांभाळायची आहेत. मी तीस वर्षं भोसरीत मशीन शॉपला काढली. शिफ्टवाला, आधी सांग: माणसं किती? परमनंट किती, काँट्रॅक्टची किती? आणि "ऐकत नाहीत" म्हणजे नेमकं काय होतं?

वाघोलीकर
चाकणला रोज कसे जाता? तळेगाव चौकात मी काल पाऊण तास उभा होतो.

शिफ्टवाला_चाकण
काका, १४ जण. सहा परमनंट, बाकी काँट्रॅक्ट आणि अप्रेंटिस. दोन आठवड्यांपूर्वी सेकंड शिफ्टला बोअरिंगच्या (भोक मोठं करायच्या) मशीनवर इन्सर्ट, म्हणजे कापणारं पातं, बदलला; ऑफसेट, म्हणजे नव्या पात्यासाठी मशीनमध्ये भरायचा मापाचा फरक, टाकायचा राहिला. फर्स्ट पीस क्वालिटीला न दाखवताच मशीन चालू. ४३ पीस ओव्हरसाइझ. मी सेटरना, म्हणजे जे मशीन लावून देतात त्यांना, बोललो. तेव्हापासून ते माझ्याशी बोलत नाहीत, आणि बाकीचे त्यांच्याकडे बघून वागतात. काही सांगितलं की "साहेब म्हणतील तसं." एवढंच.

ग्रीनबेल्ट
सिक्स सिग्माचा (क्वालिटी सुधारायचा) कोर्स करून टाका. पगारात लगेच फरक पडतो.

तेलकट_हात
बोललास कुठे? बाजूला घेऊन की सगळ्यांसमोर? आणि त्या सेटरला तू "ते" म्हणतोयस. म्हणजे वयाने मोठे. तुझा त्यांचा आधीचा संबंध काय?

शिफ्टवाला_चाकण
सगळ्यांसमोर. रेड बिनपाशी, बाद पीस टाकतात तिथे. डिस्पॅच अडकला होता, माझं डोकं फिरलं होतं.
मला काम त्यांनीच शिकवलं. २०१७ ला अप्रेंटिस म्हणून लागलो तेव्हा मायक्रोमीटर कसा धरायचा, रॅचेट किती फिरवायचं, पीस हातात जास्त वेळ धरला की ऊब लागून माप कसं फसवतं, हे त्यांनी माझा हात धरून दाखवलं. डबा एकत्र खायचो. या पोस्टला त्यांचंही नाव होतं, डिप्लोमा नाही म्हणून मागे पडलं. पण याचा कोर्सशी काय संबंध?

तेलकट_हात
सगळा संबंध याचाच आहे रे बाबा. आपलं प्रमोशन झालं हे तू त्यांना स्वतः जाऊन सांगितलंस का?

शिफ्टवाला_चाकण
नोटीस बोर्डावर लागलं होतं.

एचआर_ताई_पिंपरी
मी एक विचारते. इतका जुना, अनुभवी सेटर ऑफसेट टाकायला विसरतो कसा? त्या दिवशी लायनीवर काय वेगळं होतं?

शिफ्टवाला_चाकण
एक सेटर गैरहजर होता. दोन मशीन त्यांच्याकडेच होत्या.

एचआर_ताई_पिंपरी
कोणी दिल्या?

शिफ्टवाला_चाकण
मी.

तेलकट_हात
मग ४३ पीसमधला निम्मा वाटा तुझा आहे. तो लायनीवरच बोलून दाखव, जिथे त्यांना बोललास तिथेच.
आता कोर्सचं. दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेत कारखान्यांच्या सुपरवायझरसाठी टीडब्ल्यूआय (ट्रेनिंग विदिन इंडस्ट्री) नावाचं ट्रेनिंग निघालं, १९४० साली. युद्धानंतर टोयोटाने ते उचललं. त्यात माणसांशी वागण्याचा वेगळा भाग आहे, जॉब रिलेशन्स. चार गोष्टी: माणसाला त्याचं काम कसं चाललंय ते सांगा, चांगल्या कामाचं श्रेय द्या, बदल होणार असेल तर आधी कळवा, ज्याच्यात जे कसब आहे ते वापरा. तुझ्या बाबतीत तिसरी आणि चौथी दोन्ही हुकल्या. नोटीस बोर्डावरून कळणं म्हणजे आधी कळवणं नव्हे.

कोथरूडची_श्रुती
काका, तुमचं बरोबर आहे. पण काय बोलायचं हे कळणं वेगळं आणि तोंडातून नीट निघणं वेगळं. हा पुन्हा चिडला तर? आमच्याकडे प्रत्येक भाषणानंतर दोन-तीन मिनिटांत मूल्यमापन करावं लागतं: काय चांगलं होतं, काय सुधारता येईल, आणि समोरच्याला न दुखावता. त्याच सवयीमुळे मला ज्युनिअरला चूक सांगता यायला लागली. एकदा मीटिंगला या, मग बोला.

तेलकट_हात
त्याचा उपयोग होईल हे मान्य. पण क्रम चुकतोय. आधी त्या माणसाकडे जायला हवं, क्लब नंतर.

एमबीएवाला
एवढं मऊ वागलं तर डोक्यावर बसतील. ऑथॉरिटी दाखवावी लागते.

एचआर_ताई_पिंपरी
ऑथॉरिटी बिनपाशी दाखवून झालीय, तिचं काय झालं ते वर लिहिलंय. शिफ्टवाला, सर्टिफिकेट हवंच असेल तर सेनापती बापट रस्त्यावरच्या मराठा चेंबरमध्ये चौकशी करा. १९३४ पासूनची संस्था आहे, उद्योगांसाठी ट्रेनिंग घेतात. पण मॅनेजर दिवाळीला लायन बघणार आहे, तुमची फाइल नाही.

औंध_आयटीआय
दादा, तुमच्याकडे फिटरची भरती आहे का?

शिफ्टवाला_चाकण
फिटरचं एचआरला विचारून सांगतो.
काका, ताई, दोन दिवस विचार केला. उद्या शिफ्ट सुरू व्हायच्या आधी कॅन्टीनला त्यांना एकटं गाठतो. नंतर लायनीवर सगळ्यांसमोर दोन मशीनचं सांगतो. इन्सर्ट बदलल्यावर काय काय तपासायचं याची शीट मशीनवर लावायचीय. त्यांनीच सांगावी, मी लिहून घेईन असं डोक्यात आहे. पण शीट मराठीत चालेल का? ऑडिटला इंग्रजी मागतात ना?

तेलकट_हात
मराठीतच कर. आयएटीएफ १६९४९ मध्येच, म्हणजे ऑटो पार्ट्सच्या क्वालिटी स्टँडर्डमध्येच, आहे की कामाच्या सूचना ज्याने पाळायच्या त्याला समजणाऱ्या भाषेत हव्यात. ऑडिटर अडला तर तेच दाखव. फक्त डॉक्युमेंट कंट्रोलचा नंबर घ्यायला विसरू नकोस.
आणि त्यांचे शब्द बदलू नकोस. ते "टूल टेकवून बघ" म्हणाले तर "टूल टेकवून बघ" असंच लिही.

शिफ्टवाला_चाकण
ते तसंच म्हणतात.