मदत हवी आहे: नव्या फोनवर हवामानाचं विजेट तासन्‌तास बदलत नाही

मंडळी, खानापूरला बाबांसाठी अँड्रॉइड 15 चा नवा फोन घेतला. होम स्क्रीनवर हवामानाचं विजेट लावून दिलं, कारण त्यांना अ‍ॅप उघडत बसायचं नसतं. चष्मा लावून एक नजर टाकायची आणि भात वाळत घालायचं की नाही ते ठरवायचं. पण काल दुपारी अंगणात धो धो पाऊस, आणि विजेटवर सकाळचं ऊन तसंच! टिचकी मारून अ‍ॅप उघडलं की आकडे लगेच बदलतात, म्हणजे नेट आणि लोकेशन ठीक आहे.

विजेटचं ठरावीक वेळेचं अपडेट अँड्रॉइड 30 मिनिटांपेक्षा लवकर देत नाही, हे माहीत आहे. अर्ध्या तासाची तक्रारच नाही.

बॅटरी सेटिंगमध्ये अ‍ॅप 'अनरिस्ट्रिक्टेड' (मागे चालायला पूर्ण मुभा) केलंय, डेटा सेव्हर बंद आहे, विजेट काढून पुन्हा लावलं, फोन रीस्टार्ट केला. अ‍ॅप फोनच्याच मेमरीत आहे, कार्डावर नाही. जुन्या फोनवर हेच अ‍ॅप नीट चालायचं.

शिवाय अक्षरं बारीक. फोनचा फाँट वाढवला तरी विजेटमधलं तापमान तेवढंच. विजेट धरून ताणलं तर मोकळी जागा वाढते, अक्षर नाही.

घरी वायफाय नाही, रूट (फोनच्या मूळ सिस्टीमचा पूर्ण ताबा घेणं) करायचं नाही. ऑटोस्टार्टसारखी (अ‍ॅपला आपोआप सुरू होऊ देणारी) एखादी सेटिंग माझ्याकडून राहिली आहे का, की दुसरा लाँचर (होम स्क्रीन दाखवणारं अ‍ॅप) टाकल्याने फरक पडेल? आणि मोठ्या मराठी अक्षरांचं हवामान विजेट तुमच्यापैकी कोणी वापरतंय का?