प्रति: अकादमीचा कोर्स केला की खासगी जेटवर नोकरी?

वर एकांनी लिहिलंय की एअर होस्टेस अकादमीचा कोर्स केला की खासगी जेटचा रस्ता मोकळा. मला नाही पटत. अमेरिका-युरोपच्या नियमांत १९ किंवा त्याहून कमी आसनांच्या विमानात केबिन क्रू सक्तीचाच नाही. म्हणजे अशा जेटवर मालक माणूस ठेवतो तो मुख्यतः सेवेसाठी. सुरक्षेचं प्रशिक्षण बहुतेक ठिकाणी मागतात, पण निव्वळ त्यावर कोणी बोलावत नाही. त्यापेक्षा गोव्यात पर्वरीला हॉटेल मॅनेजमेंट करून एखाद्या पंचतारांकित रेस्टॉरंटात घासून निघालेली पोरं इथे जास्त चालतात.

माझी भाची याच वाटेने गेली. विमानात ती एकटीच. मेनू ठरवायचा, हॉटेलातून जेवण मागवायचं, फुलं आणि बर्फसुद्धा तिनेच बघायचा. हवेत तळणं वगैरे काही नसतं, आधी शिजवून थंड केलेलं फक्त गरम करायचं. आणि गोव्याहून निघणाऱ्या पाहुण्यांना हमखास इसवण (म्हणजे सुरमई) रवा फ्रायच हवी (नाहीतर गोव्याला आलो कशाला!). ओव्हनमध्ये तो रवा मऊ पडतो, म्हणून ती गोड बोलून त्यांना हुमणावर, म्हणजे माशाच्या आमटीवर वळवते. पाहुणे उतरले की क्रोकरी विसळणं आणि सीटच्या फटींतला चुरा काढणंही तिच्याकडेच.

वेळापत्रकाचं तर विचारूच नका. गोव्याचा दाबोळी विमानतळ म्हणजे नौदलाचा तळ, तिथे सोमवार ते शुक्रवार सकाळी नागरी उड्डाणांवर बंधनं असतात. अर्ज करणार असाल तर बायोडेटात वाइन सर्व्हिसचा अनुभव सगळ्यात वर लिहा, फोटो नंतर.