सोसायटीचं सामायिक वायफाय: काय बिघडतं, का बिघडतं?

एकाच कनेक्शनवर अख्खी विंग चालवणाऱ्यांसाठी हा धागा. राउटरच्या जाहिराती नकोत. बिघाड, कारण, उपाय, एवढंच लिहा.

१
दिवे हिरवे, वायफाय जोडलेलं, तरी निम्म्या घरांत नेट नाही. अशा वेळी बहुतेकदा कोणीतरी नवा राउटर आणून भिंतीतली वायर वॅन (बाहेरून नेट घेणाऱ्या) पोर्टाऐवजी लॅन (घरातली उपकरणं जोडायच्या) पोर्टात खोचलेली असते. मग तोही सगळ्यांना आयपी पत्ते (नेटवर्कवरचा प्रत्येक उपकरणाचा नंबर) वाटत बसतो. ज्याला त्याचा पत्ता आधी मिळाला, त्याचं नेट गेलं.

फोनच्या वायफाय तपशिलात गेटवे (ज्या राउटरमार्फत नेट येतं त्याचा पत्ता) बघा. समजा सोसायटीचा १९२.१६८.१०.१ असायला हवा आणि तिथे १९२.१६८.०.१ दिसतोय, म्हणजे चोर सापडला. त्या गेटवेचा मॅक पत्ता (उपकरणाचा हार्डवेअर नंबर) मॅनेज्ड स्विचच्या (सगळ्या वायरी जिथे जोडतात त्या, सेटिंग करता येणाऱ्या पेटीच्या) टेबलात शोधला की पोर्ट नंबर मिळतो. पोर्टावर फ्लॅट नंबराचं लेबल हवं, नाहीतर पुढे जिने चढत बसा. कायमचा उपाय म्हणजे डीएचसीपी स्नूपिंग (पत्ते कोण वाटतंय यावर स्विचची नजर): मुख्य राउटरकडे जाणारा पोर्ट तेवढा 'ट्रस्टेड', बाकी कोणालाही पत्ते वाटता येत नाहीत. स्वस्तातल्या साध्या स्विचमध्ये ही सोय नसते. तिथे एकेक वायर उपटून बघणे आले.

२
वरची लक्षणं तशीच, पण त्रास फक्त संध्याकाळी आणि नव्याने जोडणाऱ्यांनाच? मग पत्ते संपलेत. ४० घरं, घरटी ६ उपकरणं म्हणजे २४०; पाहुणे धरले की नेहमीच्या २५३ पत्त्यांचा डबा रिकामा. लीज (दिलेला पत्ता राखून ठेवायची मुदत) २४ तासांची असेल तर २ तासांवर आणा. तरीही पुरेना तर सबनेट (पत्त्यांचा पट्टा) /२३ करा, म्हणजे पत्ते सुमारे दुप्पट होतात.

३
एकच पासवर्ड सगळ्या बिल्डिंगला देऊन वर 'सुरक्षित आहे' म्हणणं विनोदी आहे. डब्ल्यूपीए२ या वायफायच्या सुरक्षा पद्धतीमध्ये ज्याला पासवर्ड माहीत आहे आणि ज्याने तुमचा फोन जोडला जातानाची देवाणघेवाण पकडली, तो तुमची वायफायवरची वाहतूक उलगडू शकतो. एचटीटीपीएसमुळे (साइट आणि तुमच्यातल्या कुलूपबंद जोडणीमुळे) मजकूर सुरक्षित राहतो. तुम्ही कोणत्या साइटवर आहात हे बरंचसं कळतंच. त्यानंतरच्या डब्ल्यूपीए३ मध्ये ही पळवाट बंद झाली. पण जुने फोन आणि प्रिंटर त्याला जोडले जात नाहीत, म्हणून मिश्र मोड ठेवावा लागतो आणि त्या जुन्यांपुरती पळवाट उघडीच राहते.

ॲक्सेस पॉइंटमध्ये (वायफाय देणाऱ्या पेटीत) सोय असेल तर प्रत्येक फ्लॅटला वेगळा पासवर्ड द्या. भाडेकरू गेला की त्याचाच तेवढा रद्द.

४
'क्लायंट आयसोलेशन' चालू करा, म्हणजे शेजाऱ्याचा लॅपटॉप तुमच्या उपकरणांपर्यंत पोचणार नाही. दुसऱ्याच दिवशी तक्रार येईल की मोबाइलवरून टीव्हीवर व्हिडिओ जात नाही. ती येणारच, कारण तुमचा फोन आणि तुमचाच टीव्हीही आता एकमेकांना दिसत नाहीत. वैतागून सेक्रेटरी आयसोलेशन बंद करतात आणि सगळं मुसळ केरात. उपाय: फ्लॅटनिहाय व्हीलॅन, म्हणजे त्याच वायरींवर प्रत्येक फ्लॅटचं वेगळं नेटवर्क. सीसीटीव्हीचा डीव्हीआर तर वेगळ्या व्हीलॅनमध्ये हवाच, आणि त्याचा मूळचा पासवर्ड पहिल्याच दिवशी बदललेला.

५
मॅक फिल्टरच्या (ठरावीक मॅक पत्त्यांनाच जोडू देण्याच्या) नादी लागू नका. नवे अँड्रॉइड फोन आणि आयफोन मुळात बनावट मॅकनेच जोडतात, आणि खरा मॅक हवेतून उचलून वापरणं अवघड नाही.

६
डब्ल्यूपीएस (पासवर्डऐवजी पिनने जोडायची सोय) बंद करा. पिन ८ अंकी, पण तपासणी दोन तुकड्यांत होते आणि शेवटचा अंक नुसता पडताळणीचा. म्हणजे १०,००० अधिक १,०००, एवढेच प्रयत्न पुरतात. हे २०११ पासून जगजाहीर आहे.

७
'उघडं ठेवलं तर काय बिघडतं' म्हणणाऱ्या कमिटी सदस्यांसाठी: २००८ च्या अहमदाबाद स्फोटांच्या वेळचा धमकीचा ईमेल नवी मुंबईतल्या एका घराच्या असुरक्षित वायफायवरून गेला होता. पोलिस आधी त्या घरी पोचले. कनेक्शन ज्याच्या नावावर, चौकशी त्याच्यापासून. म्हणून कोणत्या फ्लॅटला कोणता पत्ता कधी दिला, याची नोंद ठेवा.

८
कोणी केबलबद्दल बोललंच नाही. स्वस्त 'कॅट ६' बऱ्याचदा तांब्याचा मुलामा दिलेली ॲल्युमिनियम असते. टोक सोलून ब्लेडने खरवडा. आत पांढरं दिसलं तर परत करा. पीओईवर (नेटच्या वायरीतूनच येणाऱ्या विजेवर) चालणारा टेरेसजवळचा ॲक्सेस पॉइंट लांब ॲल्युमिनियम वायरीवर व्होल्टेज पडून मधूनच रीस्टार्ट होतो, आणि लोक राउटर बदलत बसतात.