‘मी वेडा नाही’ म्हणणारे निवेदक आणि आपली उडालेली झोप: अनुभव येऊ द्या

तळ्यातमळ्यात:
परवा आमच्या जुन्या वाड्याचं पाडकाम सुरू झालं. माडीवरच्या फळ्या पहारीने उचकटत होते आणि मी खाली उभा राहून बघत होतो की आता काय निघतंय. उंदराच्या लेंड्या आणि एक पितळी पळी निघाली. पण डोक्यात एफवायचा वर्ग सुरू झाला. आम्हाला एडगर अॅलन पोची ‘द टेल-टेल हार्ट’ होती. म्हाताऱ्याचा तो गिधाडासारखा फिकट निळा डोळा, रोज मध्यरात्री दाराच्या फटीतून कंदील, आठव्या रात्री खून, फळ्यांखाली प्रेत. पोलीस आले की हा बाबा त्याच फळ्यांवर खुर्ची टाकून गप्पा मारतो! सर वाचत होते आणि मी पाय बाकावर घेऊन बसलो होतो.

भुताची भीती नव्हती, कथेत भूत नाहीच. पहिल्या ओळीपासून तो खुनीच सांगतोय की मी वेडा नाही, बघा किती शांतपणे सांगतोय. आणि त्याला कोणी पकडतही नाही. पोलीस मजेत बसलेत, आपल्याकडचे असते तर चहा घेऊन गेले असते. पण ह्याला फळ्यांखालून म्हाताऱ्याच्या हृदयाचे ठोके ऐकू यायला लागतात, वाढतच जातात, आणि हाच ओरडून उठतो, कबुली देऊन टाकतो.

मी नारायण धारपांच्या भयकथांवर वाढलो. तिथे बाहेरून काहीतरी येतं आणि शेवटी त्यांचे कथानायक समर्थ धावून येतात. पोच्या कथेत समर्थ येऊन करणार काय, भानगड सगळी आतच. अशा कथांनी तुमची झोप कधी उडवली ते लिहा. भुताटकीचे किस्से नकोत, त्याचे वेगळे धागे आहेत.

सोलापुरी चादर:
+१. बसमध्ये आहे, उतरलो की सविस्तर लिहितो.

डॉ. कानसेन:
ओपीडी संपत आलीय म्हणून पटकन. ‘रात्री कानात ठोके ऐकू येतात’ म्हणून लोक येतात माझ्याकडे. उशीवर कान टेकला, घर शांत झालं की आपलीच नाडी ऐकू येते. घाबरलं की ठोके वाढतात, आवाज वाढतो, मग आणखी घाबरायला होतं. पोने तो आवाज कापसात गुंडाळलेल्या घड्याळासारखा लिहिलाय. इतकं नेमकं वर्णन मला अजून एकाही पेशंटने दिलेलं नाही. म्हाताऱ्याचं हृदय कधीच थांबलंय, वाजतंय ते ह्याचं स्वतःचं.
(एकाच कानात कायम येत असेल तर मात्र दाखवून घ्या, पो वाचत बसू नका.)

भुंगेकर:
डॉक्टर, असहमत. त्याच कथेत आधी तो म्हणतो की रोज रात्री मी भिंतीतले ‘डेथ वॉच’ ऐकत बसायचो. हा खरा किडा आहे, भुंगेऱ्यातलाच. जुन्या ओकच्या वाशांमध्ये राहतो आणि जोडीदाराला बोलवायला लाकडावर डोकं आपटून टिकटिक करतो. मरणाऱ्याच्या उशाशी लोक रात्र रात्र गप्प बसलेले असायचे, तेव्हा तो ऐकू यायचा, म्हणून इंग्लंडात त्याला अपशकुनी ठरवलं. फळ्यांखाली तोच वाजत असेल तर?

मी_नाही_त्यातली:
बिचारा स्थळ बघायला आला आणि वर पोलीस केस :-)))

अॅड. बोलघेवडा:
कोर्टातून, पुकारा व्हायच्या आत. कथा छापली गेली जानेवारी १८४३ मध्ये. त्याच महिन्यात लंडनमध्ये मॅकनॉटन नावाच्या इसमाने पंतप्रधान पील समजून त्यांच्या सेक्रेटरीला गोळी घातली. वेडाच्या मुद्द्यावर सुटला, देशभर ओरड झाली. त्यातून जे नियम निघाले ते आपल्याकडे भादंवि ८४ झाले, आता न्याय संहितेचं कलम २२. दोन गोष्टींचा एकमेकांशी संबंध नाही, पण मला गंमत वाटते. कसोटी अशी, की कृत्य करताना आपण काय करतोय किंवा ते चूक आहे, हे वेडामुळे कळतच नव्हतं का? आमचा आरोपी रक्ताचा डाग राहू नये म्हणून टब वापरतो. म्हणजे शहाणपणाचा पुरावा म्हणून तो जे जे अभिमानाने सांगतो, त्यातली प्रत्येक गोष्ट त्याला फासाकडेच नेते. त्याचा वकील असतो तर आधी त्याला गप्प बसवलं असतं.

बाकी पोलिसांपुढची कबुली आपल्याकडे पुराव्यात चालत नाही. तिच्यावरून प्रेत सापडलं तर तेवढा भाग चालतो, पण त्यासाठी आरोपी तेव्हा ताब्यात होता का? यावर मी तासभर बोलू शकतो.

तळ्यातमळ्यात:
नको वकीलसाहेब.

अॅड. बोलघेवडा:
एकच मुद्दा. अमेरिकेतल्या सेलममध्ये १८३० साली ८२ वर्षांच्या कॅप्टन व्हाइटला झोपेत मारलं होतं. सरकारतर्फे डॅनिएल वेबस्टर बोलले, की हे गुपित खुन्याला आतून पोखरतं आणि शेवटी बाहेर पडतंच. पोने कथेची कल्पना त्या भाषणातून घेतली असावी असं बरेच अभ्यासक मानतात. पुकारा झाला, पळतो.

रेवाची_आई:
रेवा क्लासला गेलीय तोवर लिहिते. शार्लट पर्किन्स गिलमन यांची ‘द यलो वॉलपेपर’, १८९२ ची. बाळंतीण बाई, नवरा डॉक्टर आणि प्रेमळ, काही करू नकोस, लिहू नकोस, पडून राहा. खोलीच्या खिडक्यांना गज. भिंतीवरच्या पिवळ्या कागदाच्या नक्षीमागे तिला एक बाई दिसायला लागते.

मी ती रेवा वर्षाची झाल्यावर वाचली. बरं झालं आधी नाही वाचली. माहेरची मागची खोली, सव्वा महिना, कानात कापूस, पुस्तक हातात घेतलं की आत्या म्हणायची डोळे जातील गं. सगळं मायेनेच हो. भिंतीला ओल होती, पोपडे आलेले. त्यात मला एक तोंड दिसायचं. कुणाला सांगितलं नाही, बाळ काढून घेतील अशी भीती. आणि एवढं गोड बाळ, सगळं हातात मिळतंय, तरी रडू येतंय म्हणजे आपणच वाईट आई. पोच्या माणसाने निदान खून तरी केला होता. मी काही न करता तेवढंच ओझं घेऊन बसले होते. आईच्या लक्षात आलं, तिने डॉक्टरकडे नेलं, औषधं घेतली, बरी झाले.

गिलमन स्वतः यातून गेल्या होत्या. डॉ. वेअर मिचेल यांनी त्यांना सांगितलं होतं की डोक्याचं काम दिवसाला दोनच तास, आणि जन्मात पुन्हा लेखणी, ब्रश, पेन्सिल धरू नका. त्यांनी ही कथा लिहिली आणि त्याच डॉक्टरांना पाठवून दिली. मला हे फार आवडतं.

मी_नाही_त्यातली:
ताई, मिठी. माझ्या जावेचं असंच झालं होतं, आम्हाला वाटलं नखरे करते.

डॉ. कानसेन:
बरं झालं लिहिलंत. हा आजार आहे आणि बरा होतो, हे घरच्यांनी वाचायला हवं.

कडेलोट:
पोचीच ‘द इम्प ऑफ द पर्व्हर्स’ (१८४५) कुणीच काढली नाही? विषारी मेणबत्तीने खून, इस्टेट मिळाली, वर्षानुवर्षं कुणाला संशय नाही. एक दिवस मनात येतं, मी सुरक्षित आहे, फक्त मूर्खासारखी स्वतः कबुली दिली नाही म्हणजे झालं. खलास. तेवढ्या विचाराने माणूस रस्त्यातून पळत सुटतो आणि सगळं बकून टाकतो.

त्यात कड्याच्या टोकावर उभं राहिल्यावर उडी मारावीशी वाटते त्याचं वर्णन आहे. मला हे कोकणकड्यावर झालेलं. पोटावर झोपून खाली बघत होतो, मरायची इच्छा अजिबात नव्हती, बायकोने पुरणपोळ्या दिलेल्या. तरी हात आपोआप गवत घट्ट धरत होते. भीती दरीची नव्हती, स्वतःचीच. कुणाला सांगितलं नाही, म्हटलं ट्रेकला नेणं बंद करतील.

हॉस्टेलवाला:
मोपासाँची ‘ला होर्ला’. रात्री उशाशी पाण्याचा तांब्या भरून ठेवतो, सकाळी रिकामा. कोण पितं? मी की तो? शेवटी त्या अदृश्याला मारायला घर पेटवून देतो आणि आत नोकर झोपलेत हे विसरतो. तिथे पुस्तक बंद केलं मी. ही आली १८८७ ला. पाचेक वर्षांनी मोपासाँने स्वतःचा गळा कापायचा प्रयत्न केला आणि १८९३ ला पॅरिसच्या वेड्यांच्या इस्पितळात वारला. हे कळल्यावर परत वाचवत नाही.
अवांतर: हॉस्टेलवर माझीही बाटली रोज रिकामी व्हायची. रूममेट होता.

मनीमाऊ:
‘द ब्लॅक कॅट’ वाचू नका. दारूच्या नशेत मांजराचा डोळा काढतो मेला. पुढे बायकोला भिंतीत चिणतो आणि पोलिसांसमोर मस्तीत त्याच भिंतीवर काठी मारतो. आतून मांजर ओरडतं. मला फक्त ते ओरडणं आवडलं. आणि पोच्या घरी खरंच कॅटरिना नावाची मांजरी होती! लिहिताना तिच्याकडे बघवलं कसं?

भुंगेकर:
मांजर काय, डोळे मिटून झोपली असेल.

सोलापुरी चादर:
उतरलो. ‘द मंकीज पॉ’, १९०२, फकिराने मंतरलेला, इच्छा पुरवणारा माकडाचा पंजा भारतातूनच गेलाय हां. बाप २०० पौंड मागतो आणि यंत्रात सापडून पोरगा गेला म्हणून कंपनी बरोब्बर २०० च देते. आमच्या वडिलांची गिरणी होती पिठाची, पट्ट्यात सदरा अडकायचा म्हणून आम्हाला आत येऊ देत नसत. ती कथा वाचल्यापासून मी देवाला काही मागताना अटी घालतो. पगार वाढू दे, पण नुसता वाढू दे.

मी_नाही_त्यातली:
हा हा. अटी लेखी द्या, वकीलसाहेबांकडून तपासून.

रेवाची_आई:
अकरा वर्षांच्या मुलीला यातली कुठली सांगू? मागे लागलीय.

मनीमाऊ:
मांजरवाली सोडून काहीही.

कडेलोट:
पंजावाली सांगा, पण दिवसा. आणि शेवटी दारावर थाप पडते तिथे खरंच दार वाजवू नका, आमच्याकडे धाकटा आठवडाभर आईबापाच्या मधे झोपला होता.