पहिल्या बाळंतपणात अतिरक्तस्राव झाला होता. दुसरे कोठे करावे?

प्रश्न (देवगड तालुका):
माझ्या धाकट्या बहिणीला सातवा महिना लागला असून ऐन श्रावणात ती बाळंतपणासाठी माहेरी येणार आहे. पहिल्या खेपेस प्रसूती नैसर्गिक झाली, परंतु वार (प्लॅसेंटा) सुटेना. ती हाताने काढावी लागली आणि पुष्कळ रक्त गेल्यामुळे बाहेरून रक्त द्यावे लागले. सध्या हिमोग्लोबिन ९.२ आहे. आईचे म्हणणे असे की, गावाजवळच्या प्रसूतिगृहातील डॉक्टर ओळखीचे आहेत, तेथेच करावे. ओरोसचे जिल्हा रुग्णालय पावसात फार लांब पडते. निर्णय कशावरून घ्यावा, हे जाणकारांनी कृपया सांगावे.

उत्तर (स्त्रीरोगतज्ज्ञ, रत्नागिरी):
आपल्या बहिणीच्या बाबतीत आधीचा रक्तस्राव आणि अडकलेली वार ही दोन्ही कारणे पुन्हा तसे होण्याचा धोका वाढवणारी आहेत. वार सुटल्यावर तिच्या जागेवरच्या रक्तवाहिन्या उघड्या राहतात आणि गर्भपिशवी घट्ट आवळली गेली तरच त्या मिटतात. दिवस भरलेले असताना पिशवीकडे मिनिटाला ५०० मिलिलिटर किंवा त्याहून अधिक रक्त वाहत असते, त्यामुळे पिशवी सैल राहिली किंवा वारेचा तुकडा आत राहिला, तर काही मिनिटांतच बाळंतिणीचा जीव धोक्यात येतो. जुळे, गर्भजल जास्त असणे, लांबलेल्या कळा, वाढलेला रक्तदाब, तसेच आधीच्या सिझेरियननंतर वार खाली असणे, यांनीही धोका वाढतो. मात्र यांपैकी काहीही नसलेल्या कितीतरी स्त्रियांना असा रक्तस्राव होतो. येथे तर धोका आधीच माहीत आहे, म्हणून जेथे रक्त आणि शस्त्रक्रियेची सोय चोवीस तास आहे तेथेच प्रसूती व्हावी, असे माझे स्पष्ट मत आहे.

हिमोग्लोबिनकडे आजच लक्ष द्या. ११ च्या खाली असलेल्या स्त्रीला थोडे रक्त गेले तरी ते सोसत नाही. लोहाच्या गोळ्या चहासोबत घेऊ नयेत. पुरेसा फरक पडला नाही, तर शिरेतून लोह देता येते.

उत्तर (निवृत्त परिचारिका, कणकवली):
दादा, अंतराची अडचण खरी आहे, पण तिच्यावर उपाय आहे. तारखेच्या दोन आठवडे आधीच बहिणीला ओरोस किंवा कुडाळच्या बाजूला नातेवाइकांकडे आणून ठेवा. रक्तस्राव सुरू झाल्यावर पावसातून गाडी धावडवण्यापेक्षा ते पुष्कळ बरे. तिचा रक्तगट व मागच्या प्रसूतीचे कागद हाताशी असू द्या आणि त्या गटाच्या दोन-तीन रक्तदात्यांशी आधीच बोलून ठेवा.

ज्या रुग्णालयात जाल तेथे नि:संकोच विचारा: बाळ होताच गर्भपिशवी आवळणाऱ्या ऑक्सिटोसिनचे १० युनिटचे इंजेक्शन देतात का, आणि ते २ ते ८ अंश तापमानात ठेवतात का? आपल्याकडे पावसाळ्यात वीज सारखी जाते, म्हणून हा प्रश्न महत्त्वाचा. गेलेले रक्त नुसते नजरेने अजमावले की हमखास कमी वाटते, म्हणून ते मोजायला हवे. रक्तस्राव झाल्यास तो थांबवायला मदत करणारे ट्रॅनेक्झामिक आम्लाचे इंजेक्शनही प्रसूतीपासून ३ तासांच्या आतच द्यावे लागते. रक्त जात असतानाही तरुण बाळंतिणीचा रक्तदाब बराच वेळ टिकून राहतो. नाडी मात्र आधी वाढते, तिच्याकडे लक्ष असू द्यावे.

उत्तर (संगमेश्वर):
ताईंना घरी आणल्यावरही सावध राहा. माझ्या बाळंतपणानंतर दुसऱ्या आठवड्यात अचानक गुठळ्या पडू लागल्या. घरातल्या मोठ्यांनी ‘घाण जाते आहे, जाऊ दे’ असे म्हटले, परंतु सासूबाईंनी मला त्याच रात्री दवाखान्यात नेले आणि वारेचा राहिलेला तुकडा निघाला. तासाभरात पॅड पूर्ण भिजले, मोठ्या गुठळ्या पडल्या, ताप आला, दुर्गंधी आली किंवा उभे राहताना भोवळ आली, तर सकाळची वाट पाहू नका. १०८ ला फोन करा.